सावनदुर्गाचा कातळ

आज बंगळुरूजवळच्या सावनदुर्गावर. सुमारे 250 कोटी वर्षांचा ग्रॅनाइट, लांबून अगदी बोडका वाटतो. जवळ गेलं की दगडफुलाचे राखाडी चट्टे दिसायला लागतात, भेगांतून झुडपं डोकावतात. पण खरी मजा पाणी झिरपतं तिथे! बोटभर मातीत चक्क दवबिंदू नावाची कीटकभक्षी वनस्पती. इवली लालसर पानं, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, एका पानात चिलट अडकलेलं. शेजारीच सीतेची आसवं, हीसुद्धा कीटकभक्षी वनस्पतीच. मातीत नायट्रोजन फारच कमी, म्हणून ही झाडं किडे पकडतात. कास पठाराच्या जांभ्या दगडावरची ही मंडळी इथे ग्रॅनाइटवर बघून फार आनंद झाला. ट्रेकवाल्यांनो, कळकळीची विनंती: ओल्या हिरव्या पट्ट्यांवर पाय नको, बाजूच्या कोरड्या कातळावरून चाला. ग्रिपही तिथेच चांगली मिळते.