येऊनच राह्यली

"गाडी कोठी आहे?" या प्रश्नाला वऱ्हाडातल्या कुठल्याही लहान टेशनावर एकच उत्तर मिळतं, "येऊनच राह्यली." मग ती मागच्या टेशनावर उभी असो की अजून अकोल्यालाच असो. यात लबाडी नाही. माना, कुरूम, काटेपूर्णा अशा टेशनांवर रोज जाणं-येणं असलेला माणूस मोबाइल काढतच नाही. तो आजूबाजूला बघतो.

पहिली खूण फाटकाची. जिथं फाटक सिग्नलला जोडलेलं असतं, तिथं ते पूर्ण बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय सिग्नल देताच येत नाही. जिथं जोडलेलं नाही, तिथं गेटवाला फाटक लावतो आणि फोनवर मास्तरला एक खाजगी नंबर सांगतो. हा नंबर म्हणजे फाटक खरंच बंद असल्याची त्याची जबानी. दोन्हीकडच्या वह्यांत तो लिहिला जातो. आता कापसाच्या दिवसांत काय होतं बघा. बोदऱ्यांनी, म्हणजे कापसाच्या मोठ्या पोत्यांनी फुगलेला ट्रॅक्टर ऐन रुळांवर अडतो, फाटक पडत नाही, सिग्नल मिळत नाही आणि पॅसेंजर गावाबाहेर शिट्ट्या मारत उभी राहते. फलाटावरचे लोक रेल्वेला शिव्या देतात. ट्रॅक्टर त्यांच्यातल्याच कोणाचा तरी असतो.

दुसरी खूण सिग्नलची. पूर्वी सिग्नलचा हात खाली पडायचा. तो जाऊन दिवे आले, तरी लोक अजून "सिग्नल पडला" असंच म्हणतात. टेशनात घेणाऱ्या सिग्नलला पिवळ्या दिव्यासोबत वरती पांढऱ्या दिव्यांची तिरकी रांग लागली, की गाडी मुख्य रूळ सोडून बाजूच्या लूप लाइनला येणार. लूपला येणाऱ्या पॅसेंजरच्या मागे बहुतेक वेळा एखादी एक्स्प्रेस लागलेली असते. मग फलाटाच्या टोकाचा स्टार्टर, म्हणजे गाडी सुटायचा सिग्नल, लालच राहतो. तो लाल आहे तोवर चहाला उतरायला हरकत नाही. शेंगदाणे सोलूनही होतात.

एक्स्प्रेस धूळ उडवत निघून जाते आणि डब्यातून खरा प्रश्न येतो, "गेली न ते, आता काहून थांबली?" उत्तर सोपं आहे. जिथं दोन टेशनांमध्ये एका रुळावर एका वेळी एकच गाडी सोडतात, तिथं एक्स्प्रेस पुढच्या टेशनाच्या पार गेल्याचा निरोप आल्याशिवाय पॅसेंजरला लाइन मिळत नाही. दहा किलोमीटरचं अंतर ताशी शंभरच्या वेगानं सहा मिनिटांत कापलं जातं. त्यावर निरोपाची देवाणघेवाण, मग सिग्नल. मधल्या जागी जादा सिग्नल बसवले असतील तर हे थांबणं कमी होतं. एक्स्प्रेसच्या पाठोपाठ दुसरी एक्स्प्रेस असेल, तर मात्र आणखी एक चहा.

मूर्तिजापूरच्या शकुंतलेला, म्हणजे तिथल्या छोट्या रुळांवरच्या गाडीला, हे काहीच नको होतं. मुंबईहून येणारा मोठा लोहमार्ग 1867 साली नागपूरला पोचला, तो 1676 मिलिमीटर रुंदीचा. मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूर आणि दुसरीकडे यवतमाळला जाणारी ही वऱ्हाडच्या कापसाची लाइन अवघी 762 मिलिमीटरची. त्यामुळे कापसाच्या गाठी मूर्तिजापुरात एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. अचलपूरच्या वाटेवर तर एका टेशनाचं नावच कापूसतळणी! शेवटच्या काळात मधल्या टेशनांवर माणसं उरली नव्हती. गाडीबरोबरचाच माणूस खाली उतरायचा, फाटक लावायचा, गाडी पुढं जाऊन थांबायची, तो फाटक उघडून पुन्हा चढायचा. तिकीटही गाडीबरोबरच्याच माणसाकडे. सगळं टेशनच गाडीत बसून फिरायचं म्हणा ना. यवतमाळकडची गाडी 2016 मध्ये थांबली, पुढे अचलपूरकडचीही.

बाकी टेशनांचं चालू आहे. पॅसेंजरचं किमान भाडं कोरोनानंतर तीस रुपये झालं होतं, ते 2024 मध्ये पुन्हा दहावर आलं. गाडी लेट असली की जनरल तिकीट फुकट जाईल, अशी अनेकांना धास्ती असते. तसं होत नाही. 199 किलोमीटरपर्यंतच्या तिकिटावर तीन तासांत किंवा त्या गावाकडची पहिली गाडी सुटेपर्यंत, यातलं जे उशिरा असेल तोवर निघता येतं. गाडीच चार तास उशिरा आली, तरी तिच्यात हेच तिकीट चालतं.

सोयींमध्ये पंखे आणि बाक मोजले जातात, पण म्हाताऱ्या माणसाला विचाराल तर फलाटाची उंची हीच खरी सोय. उंच फलाट रुळापासून 760 ते 840 मिलिमीटर असतो, बुटका 455, आणि काही ठिकाणी फलाट जवळजवळ रुळालाच टेकलेला. बुटक्या फलाटावरून डब्याची पहिली पायरी गुडघ्याच्या वर येते, त्यात लुगड्याचा काष्टा आणि हातात तुरीच्या डाळीची पिशवी. सरावलेली मंडळी आधी पिशवी चढवतात, मग एक जण वर जाऊन हात देतो, दुसरा खालून कोपराला आधार देतो. दांडा मात्र माय स्वतःच धरते. "मले नोका धरू, पिशवीले धरा," एवढं बोलून ती आत जाते, आणि इकडे स्टार्टर हिरवा झालेला असतो.