240 दिवस मोजताना

आज फोर्टच्या लायब्ररीत दिवसभर कामगार कपातीचे निकाल वाचले. लॉच्या मुलामुलींनो, 240 दिवसांचा मुद्दा, म्हणजे बारा महिन्यांत 240 दिवस काम झालं की वर्षभराची सलग नोकरी धरतात हा नियम, घाईत उरकू नका. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 25-एफखाली कामगाराला काढताना द्यायची नोटीस आणि भरपाई त्यावरच टिकते.

आधी काढून टाकल्याची तारीख पाहा, कारण 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. त्याआधीचं प्रकरण असेल तर 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याचं कलम 25-बी मूळ कायद्यातूनच वाचा, गाईडमधून नको. बारा महिने जानेवारीपासून धरायचे नाहीत, त्या तारखेपासून मागे मोजायचे. नुसते हजेरीचे दिवस मोजूनही पुरत नाही. पगारी रविवार आणि सुट्ट्या धरायच्याच. 1985 च्या अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या निकालात प्रत्यक्ष काम 220 दिवसांचं होतं, रविवार-सुट्ट्या धरून ते 275 झालं!

240 दिवस सिद्ध करण्याचा भार कामगारावर, असं सुप्रीम कोर्टाचा हादिमानी निकाल (2002) सांगतो. पुष्कळ मेमो (लेखी युक्तिवाद) इथेच संपतात, आणि ते मला फार खटकतं. येल्लट्टी निकाल (2006) वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका: कामगाराने साक्षीला उभं राहावं, मालकाकडून मस्टर, पगारपत्रक मागवावं. कंत्राटी कामगाराकडे हे कागद असणार कुठून?

महाराष्ट्रात 1971 च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखालच्या तक्रारीला 90 दिवसांची मुदत आहे. मालक-कामगार नातंच वादात असेल तर सिप्ला निकाल (2001) या तक्रारीला आडवा येतो, तेव्हा तो आधी वाचा.