खळ सांडली म्हणजे?

रविवार, रात्रीचे साडेदहा

मुलं झोपली, आता शांतपणे लिहिते.

गेल्या शनिवारपासून घरी दिवेलागणीनंतर पसायदानाची एकेक ओवी घ्यायची असं ठरवलंय, नऊ ओव्या म्हणजे नऊ आठवडे. मुलीचं (तिसरीत आहे) शाळेमुळे सगळं पाठ आहे, धाकटा पहिलीत, तो तिच्यामागून म्हणतो. पण अर्थ विचारला की दोघं गप्प. ते मला फार लागलं, कारण मीसुद्धा लहानपणी असंच धडाधड म्हणून मोकळी व्हायचे आणि अर्थ कळायला तिशी उजाडली.

काल दुसरी ओवी होती, खळांची व्यंकटी सांडो. धाकटा लगेच म्हणाला, आई, खळ सांडली म्हणजे आकाशकंदील कसा चिकटवायचा? त्याच्यासाठी खळ म्हणजे दिवाळीत आजी मैद्याची शिजवते ती, आणि सांडणं म्हणजे फरशीवर सांडणं. बरोबरच आहे त्याचं, आपण रोज हेच शब्द ह्याच अर्थाने वापरतो ना. मग सांगितलं की इथे खळ म्हणजे दुष्ट माणूस, व्यंकटी म्हणजे वाकडेपणा, आणि सांडो म्हणजे गळून जावो. मुलगी म्हणाली, म्हणजे दुष्ट मरू देत असं नाही? नाही गं, फक्त वाकडेपणा जाऊ दे.

आई (माझ्या सासूबाई) कंदिलाची जुनी तार घेऊन आल्या, पार वेडीवाकडी झालेली. दोघांना एकेक तुकडा दिला आणि म्हणाल्या, फेकायची नाही, सरळ करा. धाकट्याने पक्कड घेऊन इकडून तिकडे जोर लावला आणि तार तुटलीच, त्याचे डोळे भरून आले. मग आईंनी दुसरा तुकडा पोळपाटावर ठेवून वरून लाटणं हळूहळू फिरवायला लावलं, दहा-बारा वेळा फिरवल्यावर झाली सरळ. दोन्ही तारा आत्ता देवघराच्या कडेला आहेत, तुटलेली पण ठेवलीय, तो काढू देत नाही.

आज सकाळी पंचवटीत गेलो, काळारामाचं दर्शन घेतलं. दारापाशी आलो आणि मुलीला सांगावंसं वाटलं की २ मार्च १९३० ला ह्याच मंदिरात जायला मिळावं म्हणून डॉ. बाबासाहेबांनी सत्याग्रह सुरू केला, दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं होती, पुढे काही वर्षं ते चाललं तरी दारं उघडली नाहीत. रामाच्या पाया पडून आलेल्या पोरीला लगेच हे सांगावं का असं क्षणभर वाटलं, पण मी ठाम आहे, श्रद्धा शिकवायची तर हेही त्याच दारात सांगायचं, नाहीतर उद्या तिला बाहेरून कळेल आणि वाटेल की आईने लपवलं.

तिने विचारलं, दार बंद करणारे खळ होते का?

मी गडबडले. आई म्हणाल्या, वाकडेपणा होता बाळा, आणि तो आपल्याच माणसांत होता. मग रिक्षात बसल्यावर त्यांनी ज्ञानोबांचं सांगितलं, की संन्याशाची पोरं म्हणून त्या चार भावंडांनाच लोकांनी वाळीत टाकलं होतं, आणि तरी नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाल्यावर त्यांनी देवाकडे मागितलं काय तर हे. कुणाला शिक्षा कर असं एका ओळीत नाही. मुलगी ऐकत होती, धाकट्याचं लक्ष गोदेकडे. ज्ञानोबांचे गुरू म्हणजे त्यांचेच थोरले भाऊ निवृत्तिनाथ, त्यांची समाधी आपल्या त्र्यंबकला, हे ऐकल्यावर मात्र तोही म्हणाला, दादा गुरू असतो? ताईपण असते का? ताई एकदम खूश.

मला वाटतं घरी शिकवायचं ते असं, स्पर्धेत नंबर यावा म्हणून नाही. पाठांतर हवंच, पण मुलांनी मध्येच थांबवून विचारलं तर आपण थांबायला हवं, स्वयंपाकाला उशीर झाला तरी चालेल. काल पोळ्या साडेनऊला झाल्या.

पुढच्या शनिवारी दुरिताचें तिमिर. घरातले सगळे लाईट बंद करून एकच समई लावायची असं दोघांनी आत्ताच ठरवलंय, वाती आजीकडून शिकून स्वतः वळणार म्हणे, धाकट्याने कापूस काढून उशीखाली ठेवलाय.