नंदवाळच्या वाटेवर

आषाढी एकादशीला कोल्हापुरातून नंदवाळला दिंडी जाते. प्रतिपंढरपूरच म्हणतात त्याला. आमचं घर ख्रिस्ती, पण शेजारच्या मावशी माळकरी. यंदा त्यांचा गुडघा धरला होता, म्हणून सोबतीला मी निघाले. मिरजकर तिकटीला पाऊस भुरभुरत होता.

साने गुरुजी वसाहत मागं पडली तशी मावशींची नजर माझ्या गळ्यातल्या क्रूसावर गेली. "देवाला खिळं ठोकलं, आणि तेच गळ्यात घालता व्हय गं?"

जन्मापासून चर्चला जाते, पण इतकं सरळ मला कुणी विचारलं नव्हतं. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले, त्यांनाही इथल्या कुणा मावशीनं हेच विचारलं असेल असं वाटतं.

म्हटलं, मावशी, मुळात तो दागिना नव्हताच. रोमी लोक गुलामांना, बंडखोरांना तसं मारायचे. वेशीबाहेर, चारचौघांदेखत, मरणाबरोबर अब्रूही जावी म्हणून. येशूनं ते अंगावर घेतलं. आमचं पाप आमच्यानं फिटणारं नव्हतं, ते त्यानं फेडलं. शेवटी म्हणाला, 'पूर्ण झाले आहे.' ते फिटल्याची खूण म्हणून गळ्यात घालतो.

मावशी गप्प चालत राहिल्या. पुईखडीच्या चढाला त्यांचा गुडघा बोलायला लागला. डोक्यावरचं तुळशीवृंदावन मी मागितलं. त्यांनी टॉवेलची चुंबळ वळली, माझ्या डोक्यावर ठेवली आणि वर तुळस.

चार पावलांत मान भरून आली आणि मला शिमोन कुरेनेकर आठवला. मार्कानं शुभवर्तमानात लिहिलंय, तो 'रानातून' येत होता. आपल्याकडं शेताला रानच म्हणतात, त्यामुळं लहानपणी तो मला आपल्याकडचाच कुणी गडी वाटायचा, शेतावरून घरी निघालेला. शिपायांनी त्याला वेठीस धरलं आणि येशूचा वधस्तंभ, म्हणजे क्रूस, त्याच्या खांद्यावर दिला. मला तर कुणी वेठीस धरलं नव्हतं. पण सगळ्या जगाचं ओझं घेणाऱ्याचं लाकूड वाहायला वाटेवरचा माणूस लागला, आणि त्यानं ते वाहू दिलं! उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, किती वेळा ऐकलेलं हे, त्या चढावर पहिल्यांदा मानेला कळलं. डोळे भरून आले. तुळशीतलं पाणी कपाळावरून ओघळत होतं, त्यात ते कुणाला दिसलं नाही.

मावशी बाजूनं चालत होत्या, एक हात वृंदावनाला लावून.

"म्होरं बघ," त्या म्हणाल्या. "खाली बघितलंस की मान आखडती."