पोकळीतला बुरशीचा गोळा दुर्बिणीने काढताना

क्षयरोग बरा होतो, औषधे थांबतात. परंतु फुप्फुसाच्या वरच्या खंडात कधीकधी एखादी पोकळी कायमची उरते आणि पुढे तिच्यात ॲस्परजिलस या बुरशीचा गोळा वाढतो. ब्रिटिश ट्युबरक्युलोसिस असोसिएशनने १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, अडीच सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी पोकळी उरलेल्या ५४४ रुग्णांपैकी सुमारे एकचतुर्थांश रुग्णांच्या रक्तात या बुरशीविरुद्धची प्रतिपिंडे आढळली होती. गोळा वर्षानुवर्षे निमूट राहू शकतो. त्रास सुरू होतो तो बहुधा खोकल्यातून रक्त पडू लागल्यावर, आणि ते रक्त प्रामुख्याने पोकळीच्या भिंतीभोवती वाढलेल्या ब्रॉन्कियल (श्वासनलिकांना रक्त पुरवणाऱ्या) धमन्यांच्या जाळ्यातून येते.

एकटा गोळा, बाकीचे फुप्फुस धडधाकट आणि रुग्ण भूल सोसणारा असेल, तर शस्त्रक्रियेने तो भाग काढणे हाच खरा उपाय आहे. तिथे दुर्बिणीचा, म्हणजे श्वासनलिकेतून आत घालायच्या ब्रॉन्कोस्कोपचा, मोह धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुर्बिणीचा विचार करावा तो ज्यांची श्वसनक्षमता शस्त्रक्रियेला पुरेशी नाही अशांसाठी, आणि त्यांतही मोजक्यांसाठीच.

ही निवड सीटी स्कॅनवर ठरते. गोळा किती मोठा आहे यापेक्षा पोकळीत उघडणारी श्वासनलिका किती रुंद आहे, हे मी आधी पाहतो. लवचिक ब्रॉन्कोस्कोपची जाडी साधारण पाच ते सहा मिलिमीटर असते; वाट त्याहून अरुंद असेल तर पुढचे सगळे बोलणे व्यर्थ. शिवाय वरच्या खंडात शिरण्यासाठी टोक बरेच वळवावे लागते, आणि आतून चिमटा घातला की तेच टोक ताठरते व हवे तितके वळेनासे होते. (पुस्तकातल्या आकृतीत ही अडचण दिसत नाही.)

गोळा अखंड क्वचितच निघतो. बुरशीचे तंतू, श्लेष्म, फायब्रिन (रक्त गोठताना तयार होणारे तंतुमय प्रथिन) आणि मृत पेशी यांचा तो ठिसूळ, मळकट लगदा असल्याने चिमट्याने, जाळीने किंवा क्रायोप्रोबला (टोक अतिथंड होणाऱ्या सळईला) गोठवून चिकटवत तुकड्या-तुकड्याने काढावा लागतो. भिंतीला चिकटलेला थर खरवडण्याचा हट्ट धरू नये. रक्तस्राव तिथूनच उसळतो. म्हणून मी हे काम संपूर्ण भुलीखाली, शक्यतो रिजिड (न वाकणाऱ्या, नळीसारख्या) ब्रॉन्कोस्कोपमधून आणि निरोगी फुप्फुसात रक्त वा तुकडे उतरणार नाहीत अशी तजवीज करूनच करणे पसंत करतो. आधी मोठा रक्तस्राव होऊन गेला असेल, तर धमनी बंद करणारे एम्बोलायझेशन प्रथम करून घेणे शहाणपणाचे.

पोकळीत ॲम्फोटेरिसिन बी हे बुरशीनाशक औषध सोडण्याचाही पर्याय आहे. ते नेहमीच्या सलाइनमध्ये मिसळले तर साका बनतो, म्हणून पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळतात.

गोळा निघाला तरी पोकळी तिथेच राहते आणि तो पुन्हा होऊ शकतो, याची कल्पना रुग्णाला व नातेवाइकांना आधीच द्यावी लागते. काढलेला लगदा केवळ पॅथॉलॉजीकडे पाठवून भागत नाही. त्याचा काही भाग कल्चरसाठीही (बुरशी वाढवून तपासण्यासाठी) पाठवावा, कारण बुरशी इट्राकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाला दाद देत नसल्याचे त्यातून कळले, तर पुढची औषधयोजनाच बदलावी लागते.