एक जूनची मुलं

आईचं वर्षश्राद्ध झालं आणि त्याच आठवड्यात मी सोलापूर गाठलं. रिक्षा चार पुतळ्यांवरून गेली. लहानपणी आई तिथे थांबवून आम्हा भावंडांकडून म्हणून घ्यायची: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा, कुर्बान हुसेन. मग फाशीची तारीख, 12 जानेवारी 1931. नाव अडखळलं तर सांभाळून घ्यायची, तारीख चुकलेली मात्र तिला खपायची नाही.

अक्कलकोटला गुरुवारी जाऊ नका. मी गेले. 40 किलोमीटर एका पायावर उभी होते, आणि स्वामींच्या दर्शनाला निघालेल्या त्या गर्दीवर मनातून चिडत होते. आई असती तर तिने दोन लेकरं मांडीवर घेतली असती.

गाव त्याच्याही पुढे, कर्नाटकाच्या शिवेला लागून. जिल्हा परिषदेच्या या शाळेत आई 1984 च्या जूनमध्ये रुजू झाली. हेडमास्तरांना आधी फोन केला होता. त्यांनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

आधीची पानं वेगळ्या अक्षरातली. जन्मतारखेच्या रकान्यात 1 जून, 1 जून, 1 जून. गावाकडच्या शाळेत हे कुणाला नवीन नाही. आईबापाला तारीख सांगता येत नाही, मग गुरुजी वयाच्या हिशोबाने जून टाकून देतात. पुढे आईचं अक्षर सुरू होतं, थोडं उजवीकडे झुकलेलं, आणि तारखा विखरत जातात. 20 डिसेंबर 1979. 13 जानेवारी 1981.

हे कसं व्हायचं ते मी पाहिलंय. संध्याकाळी आई मला कडेवर घेऊन घरोघर जायची. बायका कन्नड बोलणाऱ्या. आई पहिला कन्नड शब्द शिकली तो ‘यावाग’, म्हणजे कधी. कुणी सांगायची, वेळा अमावस्येचा डबा शेतात नेला त्याच्या दुसऱ्या दिवशी. कुणी म्हणायची, भोगीच्या भाकरी थापताना कळा सुरू झाल्या. घरी पलंगाखाली पत्र्याच्या ट्रंकेत जुनी दाते पंचांगं होती, सोलापुरातूनच आणलेली. कंदिलाच्या उजेडात ती तिथी शोधायची, पोराच्या वर्षाशी ताळा करायची, आणि मी तिच्या मांडीवर झोपून जायचे. भात करपायचा. बाबा काही बोलायचे नाहीत.

तिची स्वतःची तारीख 1 जून. आजीला एवढंच आठवायचं की ज्वारी हुरड्यात होती. म्हणजे थंडीतला जन्म, आणि सेवापुस्तकात जून. 31 मेला ती निवृत्त झाली. निरोपसमारंभाला सुट्टीतली मुलं चालत आली होती.

मधल्या सुट्टीत हेडमास्तरांच्या घरून कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही आलं. पुण्यातल्या कुठल्याच हॉटेलात मला असं वाढलेलं आठवत नाही. सर म्हणाले, ‘‘ताई, तुमचं पान बघायचं राहिलं की.’’

हात धुऊन, पुसून मी माझं पान काढलं. नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मगाव, तारीख. सगळं बरोबर. आईच्या नावाचा रकाना त्या रजिस्टरात नव्हता. शाई जराशी पिवळी पडली होती. माझ्या नावातला ‘र’ तिने पुन्हा गिरवला होता, बहुधा निब अडकलं असावं. मी त्यावर बोट ठेवून बसले. बाहेर घंटा झाली तरी सरांनी रजिस्टर मागितलं नाही.