टोकनचा चेक आणि तीन वर्षांचा हिशोब

मी गृहकर्ज सल्लागार. माझ्याकडे शनिवारी गर्दी असते. त्या शनिवारी लग्नाला दीड वर्ष झालेलं एक जोडपं आलं. तो २९ वर्षांचा, ती २८. दोघंही हिंजवडीत नोकरीला. ताथवड्यात भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतीतला टू बीएचके ठरला होता, किंमत ८० लाख. बँकेचं मंजुरीपत्र आलेलं आणि टोकनचा पाच लाखांचा चेक तिच्या पर्समध्ये. चार वाजता तो बिल्डरकडे द्यायचा होता. त्याआधी हप्ता एकदा तपासून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं.

हप्ता बसत होता. कर्ज ६४ लाख, कारण या रकमेच्या गटात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांवर जात नाही. ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी महिन्याला ५५,५४० रुपये. दोघांच्या पगारात ते निघत होते. अडत होतं दुसरीकडे. स्वतःचे १६ लाख, त्यावर ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ५ लाख ६० हजार, शिवाय ३० हजार नोंदणी फी. मुद्रांक आणि नोंदणीचे पैसे कर्जात धरले जात नाहीत, ते घरचेच लागतात. बहुतेक तरुणांचा अंदाज इथेच चुकतो. (घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सवलत मिळते. यांनी दोघांची नावं टाकली होती, त्यामुळे ८० हजार गेले.) म्हणजे जवळपास २२ लाख उभे करायचे. शिल्लक नऊ, सांगलीहून त्याचे वडील, अण्णा, पीएफमधले बारा देणार, उरलेल्यासाठी पर्सनल लोन. चावी मिळेल त्या दिवशी खात्यात काही नाही, आणि किचन ट्रॉली, पंखे, पडदे सगळं बाकी.

एवढी ओढाताण कशासाठी, असं विचारलं. मला वाटलं होतं टॅक्सचं कारण येईल. पण दोघंही नव्या करप्रणालीत. तिथे राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही आणि घरभाडे भत्त्याची सूटही नाही. कारण वेगळंच होतं. ती म्हणाली, "पाच वर्षांत चार घरं बदलली. दर अकरा महिन्यांनी मालक भाडं वाढवतो नाहीतर घर सोडा म्हणतो. दर वेळी एजंटला एक महिन्याचं भाडं, टेम्पो, गॅस, पत्ता बदला. मागच्या मालकानं रंगाचे म्हणून डिपॉझिटमधले अठरा हजार कापले." घर विकत घ्यायला तरुणांना गुंतवणुकीपेक्षा हा वैताग जास्त ढकलतो, असं माझं ठाम मत आहे.

मग नेहमीचा प्रश्न विचारला: पुढची किती वर्षं याच घरात राहणार? त्यानं तिच्याकडे बघितलं. ती थोडं थांबून म्हणाली, "मला बेंगळुरूला टीम मिळतेय. दीड-दोन वर्षांत जावं लागेल. अण्णांना अजून सांगितलेलं नाही."

परतफेडीचा तक्ता उघडून स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. पहिल्या महिन्याची ओळ: हप्ता ५५,५४०, व्याज ४५,३३३, मुद्दल १०,२०७. छत्तिसावी ओळ: तोवर जवळजवळ २० लाख भरलेले आणि मुद्दल फिटलेलं फक्त चार लाख सतरा हजार. त्याचं बोट त्या ओळीवर बराच वेळ होतं.

तीन वर्षांनी विकायचं धरून मांडणी केली. व्याज १५.८२ लाख, मुद्रांक-नोंदणी ५.९०, महिना साडेतीन हजारांनी मेंटेनन्स १.२६, एकूण २२.९८. तशाच घराचं भाडं २८ हजार, दरवर्षी ५ टक्के वाढ धरून तीन वर्षांचे १०.५९ लाख. फरक १२.३९ लाख. म्हणजे ८० लाखांचं घर साडेब्याण्णवला गेलं तर कुठे बरोबरी, आणि यात विकतानाची दलाली आणि स्वतःच्या २२ लाखांवरचं बुडालेलं व्याज धरलेलंच नाही. आठ-दहा वर्षं राहणाऱ्यांचं गणित पार वेगळं होतं. त्यांना मी घ्याच म्हणते.

अण्णांना फोन लावला. ते म्हणाले, "अहो मॅडम, भाडं म्हणजे पैसे पाण्यात!" त्यांना फक्त पहिल्या महिन्याचं व्याज सांगितलं. ते गप्प झाले. मग मुलानंच बेंगळुरूचं सांगितलं. पीएफ ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत स्वतःच्या नावावर ठेवा, असं मी सुचवलं; तिथे ३० लाखांपर्यंत ठेवता येतात.

चेक पर्समध्येच राहिला. पण तिचा वैताग होता तिथेच होता, म्हणून भाडेकराराकडे वळलो. करार अकरा महिन्यांचाच हवा असा कायदा नाही. कितीही महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात तो नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. ३६ महिन्यांचं भाडं, एक लाख डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के मानीव (गृहीत धरलेलं) व्याज, या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक: सुमारे २,७२५. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. करारात चार गोष्टी घालायला सांगितल्या: वाढ ५ टक्केच, लॉक-इन (ठरलेल्या मुदतीआधी करार न मोडण्याची अट) फक्त मालकावर, भाडेकरूला दोन महिन्यांची नोटीस पुरे, आणि रंगाची कपात आकड्यात. शिवाय ताबा घेताना प्रत्येक भिंतीचे फोटो.

पंधरा दिवसांनी तिनं भाडेकरार नोंदवायला मशिनवर अंगठा टेकवतानाचा फोटो पाठवला. मालक १८ महिन्यांपेक्षा जास्त लॉक-इनला तयार नव्हता. तिनं ते मान्य केलं, बदल्यात रंगाचं कलम पूर्ण काढून टाकायला लावलं.